शितं सरल्यावर उरतात ते

पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवरून २०११ साली घेतलेली बार्सिलोनाची एक जर्सी अजून माझ्या घरात आहे. घासाघीस करून अडीचशेला मिळाली होती. पाठीवर १० आकडा आणि मेस्सीचं नाव. त्यातलं एक अक्षर पहिल्याच धुण्यात गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात बार्सिलोनानं वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडला ३-१ असं हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती, आणि असा फुटबॉल कोणी खेळू शकतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. पुढची काही वर्षं रविवार सकाळ आणि ती जर्सी असं समीकरणच झालं.

मग १५ ऑगस्ट २०२० उजाडला. लिस्बनच्या रिकाम्या स्टेडियममधला बार्सिलोनाचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. मध्यंतराला बायर्न म्युनिक ४-१ असं पुढे होतं. मी टीव्ही बंद केला आणि झोपलो. सकाळी मोबाइलवर आकडा वाचला, ८-२. त्यानंतर जर्सी कपाटाच्या तळाशी कधी गेली ते मला सांगता येणार नाही, कारण मी काहीच ठरवून केलं नव्हतं. आता तिनं स्कूटर पुसतात.

‘असतील शितं तर जमतील भुतं’ ही म्हण आपण लग्नाच्या पंगतीपासून राजकारणापर्यंत सगळीकडे वापरतो. फुटबॉलमधल्या या भुतांना इंटरनेटवरची पोरं ‘प्लास्टिक फॅन’ म्हणतात. मी त्यातलाच, हे उघड आहे. पण मला पडलेला प्रश्न उरलेल्यांचा आहे. शितं संपली, पत्रावळी उचलल्या, तरी मांडी घालून बसलेले हे लोक कोण असतात?

या प्रश्नाच्या अलीकडच्या टोकाला हात घातला रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. १९७३च्या हंगामात त्यानं आणि सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांत एक साधं काम केलं. सोमवारी वर्गात जायचं आणि किती विद्यार्थ्यांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे आहेत ते मोजायचं. (त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळायचा खेळ. पण माणसं तीच.) शनिवारी संघ जिंकला असेल, तर सोमवारी असे कपडे जास्त दिसायचे.

दुसरा प्रयोग मला अधिक आवडतो. विद्यार्थ्यांना फोन करून आधी छोटीशी प्रश्नमंजुषा घेतली. नंतर काहींना सांगितलं की तुम्ही छान केलंत, काहींना सांगितलं की तुमचं फारच चुकलं. खरा निकाल काय होता याला महत्त्व नव्हतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, परवाच्या सामन्यात काय झालं? संघ जिंकलेला असला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणत. नसला जिंकलेला, तर ‘ते हरले’ ही भाषा यायची. आणि हा फरक ठळकपणे दिसला तो कुणात, तर ज्यांना नुकतंच ‘तुमचं चुकलं’ म्हणून सांगितलं होतं त्यांच्यात. स्वतःचा पडलेला चेहरा ते संघाच्या उजेडात आणत होते. चाल्डिनीचा हा निबंध १९७६ साली आला आणि दुसऱ्याच्या कीर्तीच्या उन्हात अंग शेकण्याच्या या सवयीला संशोधनात कायमची जागा मिळाली. पुढे १९८६मध्ये तिची उलटी बाजूही नोंदवली गेली: अपयशाशी नातं तोडून टाकणं. माझी जर्सी त्या खात्यात.

इथे एक गोष्ट आपल्याला मराठीतून जास्त स्पष्ट दिसते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे तसं नाही. ‘आम्ही जिंकलो’ म्हणणारा समोरच्याला बाहेर ठेवतो. ‘आपण जिंकलो’ म्हणणारा समोरच्यालाही धरूनच बोलतो, त्याला विचारायचीसुद्धा गरज वाटत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून ऐका. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ असे संघ खेळतात. बरेचसे तालमींचे आणि मंडळांचे. मूळच्या कुस्तीच्या तालमी, भोवती पेठ, पेठेत गणपती आणि त्याच तालमीचा फुटबॉल. हरल्यावर तिथे ‘ते हरले’ असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. ‘आपण घाण खेळलो’ म्हणणारे शेकड्यानं भेटतील, आणि त्यानंतर गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धारही ऐकायला मिळेल. शिव्या घालणं म्हणजे नातं तोडणं नव्हे. घरच्या माणसालाच इतकं मनापासून बोलता येतं.

गंमत म्हणजे हेच कोल्हापूर विश्वचषकाच्या वर्षी अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटलं जातं. चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे फलक उभे राहतात आणि स्पर्धा संपली की उतरतात. त्याच शहरातली तीच माणसं एका संघाची सुखाची सोबती आणि दुसऱ्याची जन्माची असतात. म्हणजे निष्ठा हा स्वभावाचा गुण आहे, काही लोक मुळातच एकनिष्ठ आणि काही मुळातच पळपुटे, हे काही खरं नाही. ती माणसात नसते. माणूस आणि संघ यांच्यातल्या बांधणीत असते.

ही बांधणी मोजायचा खटाटोप डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांनी केला. १९९०मध्ये त्यांनी दाखवलं की संघाशी ओळख जितकी घट्ट, तितकं विजयात मिरवणं जास्त आणि पराभवात अंग काढून घेणं कमी. तीन वर्षांनी त्यांनी सात प्रश्नांची मोजपट्टी बनवली. संघ जिंकणं तुम्हाला किती महत्त्वाचं? तुम्ही स्वतःला किती पक्का चाहता मानता? मित्र मानतात का? संघाच्या बातम्या किती बारकाईनं ठेवता? आणि त्यात एक प्रश्न असाही की, प्रतिस्पर्धी संघ तुम्हाला किती नावडतो? तो प्रश्न उगाच नाही. हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. निष्ठेचं कौतुक करताना तिचा हा भाग आपण गाळतो.

घट्ट बांधलेल्या माणसाला पराभव अक्षरशः स्वतःचा वाटतो. १९९२च्या एका अभ्यासात बास्केटबॉलच्या चाहत्यांना सामना दाखवला आणि नंतर विचारलं, आता तुम्ही स्वतः नेम धरायच्या खेळात, शब्दकोड्यात किती गुण मिळवाल? संघ हरलेला असला, की त्यांचा स्वतःच्या कुवतीबद्दलचा अंदाजही घसरायचा. बास्केटबॉल हरला तिकडे, आणि शब्दकोडं अवघड वाटायला लागलं इकडे! शरीरही यातून सुटत नाही. २००६च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या घटना डॉक्टरांनी मोजल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्यांचं प्रमाण २.६६ पट निघालं. २०१४ साली जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं तुडवलं तेव्हा संशोधक मार्था न्यूसन आणि सहकारी काही ब्राझिलियन प्रेक्षकांची लाळ गोळा करत होते. तिच्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, संघाशी ज्यांचं नातं अधिक एकजीव होतं त्यांच्यात अधिक चढलेलं सापडलं.

मग हे लोक थांबतात तरी कशाला? ब्रिटनमध्ये हजारो लोकांच्या मोबाइलवर ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारणाऱ्या एका ॲपची माहिती दोन अर्थतज्ज्ञांनी तपासली. विजयानंतरच्या तासाभरात जितकं बरं वाटतं, त्याच्या सुमारे दुप्पट वाईट पराभवानंतर वाटतं. वाण्याच्या हिशेबानं बघितलं, तर निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहता वर्षाअखेरी तोट्यातच असणार.

हा तोटा डोळ्यांनी बघायचा असेल तर इंग्लंडच्या ईशान्येला संडरलँडला जावं. हे जहाजबांधणीचं आणि कोळशाचं गाव. इथली शेवटची गोदी १९८८मध्ये थांबली, वेअरमाउथची खाण १९९३मध्ये बंद झाली. त्या खाणीच्याच जागेवर १९९७ साली संडरलँड फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम उभं राहिलं. नाव ‘स्टेडियम ऑफ लाइट’, आणि बाहेर खाणकामगार वापरायचे त्या डेव्ही दिव्याचं भलंमोठं स्मारक. आजोबा जिथे जमिनीखाली राबले, तिथे नातू वर बसून ओरडतो.

२०१७ साली संडरलँड प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीतून, खाली गेलं. २०१८मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. लागोपाठ दोन वर्षं तळाला. माझ्यासारख्याच्या दहा जर्स्या स्कूटर पुसायला गेल्या असत्या. आणि २६ डिसेंबर २०१८ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धच्या तिसऱ्या श्रेणीतल्या साखळी सामन्याला ४६,०३९ माणसं आली. २००४ साली त्या श्रेणीला ‘लीग वन’ हे नाव मिळालं, तेव्हापासूनच्या साखळी सामन्यांतला तो गर्दीचा विक्रम ठरला. क्लब तिथे चार हंगाम अडकून पडला होता. तिथून वर यायला २०२२ उजाडलं, आणि प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२५.

सरळ कारण असं की, यांना जायला दुसरी जागा नाही. सगळ्यात जवळचा मोठा क्लब न्यूकासल, आणि संडरलँडच्या माणसानं न्यूकासलचा पट्टेरी शर्ट घालणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात एका पेठेतल्या पोरानं दुसऱ्या तालमीचा झेंडा नाचवल्यावर काय होईल यावरून ताडावं. मी बार्सिलोना सोडली तर मला कुणी जाब विचारला नाही. शेजाऱ्याला तर मी चाहता होतो हेही माहीत नव्हतं. संडरलँडमध्ये बाप विचारतो, गल्ली विचारते.

पण नुसत्या धाकानं एवढी गर्दी जमत नाही. आणखी आतलं उत्तर द्यायचा प्रयत्न मानववंशशास्त्रज्ञ हार्वी व्हाइटहाउस आणि न्यूसन यांनी केला आहे. त्यांच्या साधनांपैकी एक अगदी पोरकट दिसतं. कागदावर पाच चित्रं. प्रत्येकात एक लहान वर्तुळ म्हणजे ‘मी’ आणि एक मोठं म्हणजे ‘गट’. पहिल्या चित्रात दोन्ही लांब लांब, मग जवळ, मग एकमेकांवर थोडी चढलेली, आणि शेवटच्यात लहान वर्तुळ मोठ्याच्या पूर्ण पोटात. तुमचं कुठलं, ते दाखवा. शेवटचं चित्र निवडणाऱ्यांना ते ‘एकजीव’ मानतात. याच व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी लिबियात २०११च्या उठावातल्या लढवय्यांनाही अशीच वर्तुळं दाखवली होती आणि खांद्याला खांदा लावून लढलेल्यांमध्ये सख्ख्या भावासारखं नातं नोंदवलं होतं.

फुटबॉलकडे वळल्यावर त्यांनी प्रीमियर लीगच्या २००३ ते २०१३ या दहा वर्षांतले सर्वांत यशस्वी पाच आणि सर्वांत अपयशी पाच क्लब घेतले. मँचेस्टर युनायटेड, चेल्सी वगैरे एकीकडे. क्रिस्टल पॅलेस, हल आणि आपलं संडरलँड दुसरीकडे. अपयशी क्लबांचे चाहते एकमेकांशी जास्त जोडलेले निघाले. सोबतच्या चाहत्यांना वाचवायला स्वतःचा जीव द्याल का, या कल्पित प्रश्नालाही त्यांच्याकडून होकार जास्त आले. (कागदावर जीव द्यायला काही लागत नाही, हे मान्य. तरी इतरांनी कागदावरही तेवढा दिला नाही.) संशोधकांचं म्हणणं असं की, वाईट आठवण माणूस उगाळत बसतो. कसं झालं, का झालं, तो पेनल्टी मारला असता तर. ज्यांच्याबरोबर ती सोसली, ते त्या आठवणीत कोरले जातात आणि आठवण आपल्या आयुष्याचा भाग होते. विजयाचे पेढे दोन दिवसांत संपतात. पराभव वर्षानुवर्षं पुरतो.

म्हणून मला ‘तू कधीपासून चाहता?’ हा नेहमीचा उलटतपासणीचा प्रश्न फोल वाटतो. माझा नाशिकचा मावसभाऊ २००४ साली आर्सेनलच्या नादी लागला, कारण त्या वर्षी ते अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकले होते. म्हणजे आला तो शितं बघूनच, माझ्याहून वेगळा नाही. पण त्यानंतरची वीस वर्षं आर्सेनलला लीगचं विजेतेपद मिळालं नाही आणि हा रात्री दीड-दीडला उठून ते न मिळणं बघत राहिला, कुटुंबाच्या ग्रुपवर पहाटे साडेतीनला ‘पुढच्या वर्षी आपलंच’ असं लिहीत राहिला. त्याला ना पेठ, ना बाप विचारणार. त्याला त्या पराभवांनीच तिथे शिवून टाकलं. मी मध्यंतराला टीव्ही बंद केला, तो शेवटपर्यंत बसला. आमच्यातला सगळा फरक त्या पंचेचाळीस मिनिटांचा.

कोल्हापूरच्या एका मित्राला मी परवा मोबाइलवर ती पाच चित्रं दाखवली. गडी बँकेत आहे, पण मॅचच्या दिवशी दुपारी काउंटरवर सापडत नाही. त्याची तालीम आदल्याच आठवड्यात हरली होती. त्यानं फोन हातात घेतला, चित्रं मोठी करून बघितली, परत लहान केली.

“ह्यात तालीम कुठली रं? बारकं का मोठं?”

“मोठं वर्तुळ म्हणजे तालीम. बारकं म्हणजे तू.”

“मग हे पहिलं चित्र कुणासाठी काढलंय?” त्यानं फोन परत दिला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. “चल, येतोस का? चारला मॅच हाय.”