पार्श्वभूमी : पायथॉनचे दोन पूर्णांक एक कसे झाले

१३ चं फॅक्टोरियल (१ ते १३ चा गुणाकार) पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत काढलं तर ६,२२,७०,२०,८०० येतं. जावा या भाषेत साधा इंट, म्हणजे ठराविक आकाराचा पूर्णांक, वापरला तर १,९३,२०,५३,५०४. ना एरर, ना वॉर्निंग. ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. त्यापुढचे बिट कापले जातात. उत्तर उणे आलं असतं तर निदान शंका तरी आली असती. हे मात्र अगदी खरं वाटतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

ठराविक आकाराचा पूर्णांक आला तो मशीनच्या रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे धरणाऱ्या जागेतून. सी भाषा वाढली त्या पीडीपी-११ या संगणकावर इंट १६ बिटांचा होता, म्हणजे कमाल ३२,७६७. पुढे मशीन बदलली तसा त्याचा आकारही बदलत गेला. याच्या अगदी उलटा मार्गही तितकाच जुना आहे. एमआयटीत मॅकलिस्प या भाषेत १९७० च्या सुमारास बिगनम (अमर्याद पूर्णांक) आले, कारण तिथे मॅक्सिमा ही बीजगणिताची प्रणाली उभी राहत होती आणि बीजगणितात सहगुणक भराभर फुगतात. तिथे कापलेले बिट चालणारच नव्हते.

पायथॉनचे जनक खिडो व्हॅन रॉसम त्याआधी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत एबीसी या भाषेवर काम करत होते. एबीसीच्या पूर्णांकांना मर्यादा नव्हती. तरी पायथॉनमध्ये त्यांनी दोन प्रकार ठेवले: मशीनच्या आकाराचा इंट, आणि शेवटी एल लावून लिहायचा अमर्याद लाँग. इंटची बेरीज किंवा गुणाकार मर्यादेबाहेर गेला की ओव्हरफ्लो एरर यायची. गप्प राहून चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण सगळीकडे तसं नव्हतं. १ << ३२ केलं, म्हणजे १ चे बिट ३२ जागा डावीकडे सरकवले (शिफ्ट), की ३२ बिटांच्या मशीनवर बिट मुकाट्याने गळून जायचे आणि ६४ बिटांच्या मशीनवर बरोबर उत्तर यायचं. हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या लेखनात) आठ एफ लिहिले तर एका मशीनवर उणे १, दुसऱ्यावर ४,२९,४९,६७,२९५. कोड तोच, मशीन बदललं की उत्तर वेगळं.

मार्च २००१ मध्ये मोशे झडका आणि व्हॅन रॉसम यांनी हे दोन प्रकार एकत्र करण्याचा प्रस्ताव मांडला, तो पेप २३७ (पायथॉनमधल्या बदलांच्या प्रस्तावांना पेप म्हणतात). त्या डिसेंबरच्या पायथॉन २.२ पासून मर्यादा ओलांडणारा इंट आपोआप लाँग होऊ लागला. शिफ्ट आणि हेक्ससाठी २.३ ने आधी नुसत्या सूचना दिल्या, बदल २.४ मध्ये केला. लाँग हा प्रकार आणि तो एल गेले ते थेट ३.० मध्ये, डिसेंबर २००८ ला. सात वर्षं फार वाटतील, पण हा सबुरीचा मार्गच योग्य होता. बिट गळणार हे धरून लिहिलेला कोडही लोकांकडे असतो, आणि तो एका रात्रीत मोडायचा नसतो.

रुबी या भाषेने २०१६ मध्ये २.४ आवृत्तीत फिक्सनम (लहान पूर्णांक) आणि बिगनम यांना इंटीजर या एकाच नावाखाली आणलं. गो या भाषेचा इंट अमर्याद करावा असं तिच्या जनकांपैकी एक रॉब पाइक यांनी २०१७ मध्ये सुचवलं होतं; तो आजही ठराविक आकाराचाच आहे.

अमर्याद पूर्णांकाची किंमत असते. ६४ बिटांच्या सीपायथॉनमध्ये (पायथॉनच्या नेहमीच्या रूपात) नुसता १ हा आकडा २८ बाइट घेतो, सीमध्ये इंटला बहुधा ४ पुरतात. लाखो आकड्यांच्या कामासाठी नमपाय ही पायथॉनची लायब्ररी ठराविक आकाराकडेच वळली, आणि तिथे ॲरेमधली बेरीज आजही मुकाट्याने ओव्हरफ्लो होते. विंडोजवर तर नमपायचा मूळ इंट २०२४ मधल्या २.० आवृत्तीपर्यंत ३२ बिटांचा होता, लिनक्सवर ६४. म्हणजे जे दुखणं पेप २३७ ने घालवलं, तेच लायब्ररीच्या वाटेने परत आलं होतं.

दुसरी किंमत २०२२ मध्ये ठळकपणे समोर आली. दशमान मजकुराचा पूर्णांक करायला लागणारा वेळ तेव्हा अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायचा. त्यामुळे कुणी लाखो अंकांची ओळ पाठवून सर्व्हर अडवून ठेवू शकत होतं. म्हणून त्या सप्टेंबरपासून ४,३०० अंकांपलीकडचं रूपांतर पायथॉन मूळ सेटिंगमध्ये नाकारतो आणि व्हॅल्यू एरर देतो. ही मर्यादा वाढवता येते, हवी तर काढूनही टाकता येते. बेरीज-गुणाकाराला मात्र ती लागू नाही.