मोरचूद, चुना आणि विळ्याचं पातं

पावसाळा तोंडावर आला की काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत झाडांची खोडं निळसर दिसू लागतात. ही बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. फवारणीसाठी तेवढ्याच मालाला पाणी 100 लिटर. डिंक्या रोगावरचा हा जुना, खात्रीचा उपाय. पण ‘मोरचूद जास्त टाकलं की औषध कडक होतं’ हा समज पानं जाळतो, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात वेगळं आम्ल कुणी टाकलेलं नसतं, तरी त्याच्या द्रावणात निळा लिटमस लाल होतो. असं का? पाण्यात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. निळा रंगही त्यांच्यामुळेच. खडा तापवून पाणी उडवलं तर पांढरी भुकटी उरते. आयनावरचा दुहेरी धनभार या रेणूंमधल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सैल पडतो आणि एखादा हायड्रोजन आयन सुटतो. सल्फेट तो फारसा धरून ठेवत नाही. एक टक्क्याच्या द्रावणाचा सामू त्यामुळे 4 ते 5 च्या दरम्यान उतरतो.

चुन्यातला हायड्रॉक्साइड हे हायड्रोजन आयन टिपतो. तांब्याभोवतीच्या दोन रेणूंनी एकेक हायड्रोजन सोडला की धनभार संपतो, आणि भार नसलेला कण पाण्यात टिकत नाही. तो साक्याच्या रूपात वेगळा होतो. चुना अपुरा असेल तर साका हिरवट. पुरेसा असेल तर आभाळी, मऊ आणि सावकाश बसणारा. पानावर तोच चिकटतो, आणि त्यातून तांबं थोडं थोडं सुटून बुरशीचे बीजाणू मारतं.

हिशेब केला तर एक किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना 224 ग्रॅम पुरतो. मग एक किलो का? बाजारातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून अर्धामुर्धा खडू झालेला असतो. पोत्यात भुकटी झालेला चुना घेऊच नका, खडे घ्या.

मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर 50 लिटर पाण्यात वरच्या बाजूला लटकवा. जड द्रावण खाली बसतं आणि खड्यांना कोरं पाणी मिळत राहतं. चुना वेगळा भिजवा, डोळे सांभाळा, पूर्ण थंड होऊ द्या. गरम चुन्याने साका काळा पडतो. चुना गाळून तोही 50 लिटर करा. प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. उलट केलं तर कण जाड होतात.

शेवटी घासलेल्या विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. लालसर थर आला तर पानं जाळणारं मोकळं तांबं शिल्लक आहे: लोखंड विरघळलं, तांबं त्याच्या जागी बसलं. चुन्याची निवळी आणखी घाला. ‘लोखंडाचं तांबं करतो’ असं सांगणाऱ्या बुवाच्या हाती याहून वेगळं काही नसतं.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलं की साक्याचे कण मोठे होतात, तळाशी बसतात, नोझल तुंबतं आणि पानाला काही चिकटत नाही.