कपाटामागची ओल आणि मुलाच्या छातीतली घरघर

जुलैत मुंबईत किंवा कोकणात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढून बघा. कुबट वास आणि काळे-हिरवट ठिपके पुष्कळ घरांत सापडतात. दिवाळीआधी त्यावर रंग मारला जातो आणि पुढच्या पावसात पोपडे सुटतात, कारण बुरशी ज्या ओलीवर जगते ती भिंतीत तशीच असते.

या ठिपक्यांतून बीजाणू, म्हणजे बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बीजकण, सुटतात. ॲस्परजिलस, पेनिसिलियम या बुरशींचे बीजाणू जेमतेम 2 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नाकाला चुकवून ते श्वासनलिकांत खोलवर पोचतात. मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, नवजात बाळ 30 ते 60. त्यात त्याच्या नळ्या अरुंद. 8 मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून 1 मिलिमीटर सूज आली, तर हवेला होणारा अडथळा सुमारे 3 पट वाढतो. 4 मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज तो 16 पट करते. म्हणूनच एकाच खोलीत झोपून बापाला नुसत्या शिंका येतात आणि लेकराला धाप लागते. ओलसर घर आणि खोकला, घरघर, दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट मांडला आहे.

आधी ओल कुठून येते ते शोधा. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय: गच्ची, पाइप, बाहेरच्या भेगा तपासा. खोलीकडच्या बाजूला असतील, तर दोष घरातल्या वाफेचा: दोरीवरचे ओले कपडे, एक्झॉस्ट पंखा नसलेलं न्हाणीघर. पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिंपडा. विरघळली तर तो क्षार, बुरशी नव्हे. मात्र भिंत ओली आहे हे तोही सांगतोच.

पुसताना मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडा, एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरायचंच असेल तर लिटरभर पाण्यात 60 मिलीपेक्षा जास्त नको, आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावीच लागते. बुरशी आत शिरलेली गादी किंवा प्लायवूड सरळ टाकून द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा 60 टक्क्यांच्या खाली हवा. भर पावसात तो नुसत्या पंख्याने येत नाही, एसीचा ड्राय मोड लागतो.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर भिंत राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.