तिवर, खारफुटी आणि ग्रंथालयाची सूची

संगणकावर शब्द टाइप केला की हवे ते पुस्तक सापडते, त्यामुळे ग्रंथालयातील वर्गीकरणाला आता अर्थ उरलेला नाही, असे चांगले वाचकही बोलू लागले आहेत. ही समजूत ठाणे खाडीच्या चिखलातच रुतते. ऐरोलीच्या किनाऱ्यावरील झाडीला कोणी खारफुटी म्हणतो, कोणी कांदळवन, तर कोणी तिवरे. त्यामुळे केवळ 'खारफुटी' शोधणाऱ्याला 'कांदळवन' असे शीर्षक असलेले पुस्तक दिसतच नाही.

पर्यायी शब्दांची ही अडचण थिसॉरस, म्हणजे संज्ञांचा परस्परसंबंध दाखवणारा कोश, बऱ्याच अंशी सोडवतो. मात्र त्यात 'खारफुटी' या व्यापक संज्ञेखाली 'तिवर' आणि 'श्वसनमुळे' या दोन्ही संज्ञा 'संकुचित' म्हणून शेजारी बसू शकतात. तिवर हा खारफुटीचा प्रकार आहे. चिखलातून वर येणारे श्वसनमूळ हा त्या झाडाचा अवयव आहे. माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, पण 'संकुचित' म्हणजे 'प्रकार' असे धरून चालणारे यंत्र श्वसनमुळालाच झाड ठरवते.

ऑन्टॉलॉजीत, म्हणजे संकल्पना आणि त्यांचे संबंध यंत्राला वाचता येतील अशा नेमक्या रूपात मांडणाऱ्या आराखड्यात, 'प्रकार आहे', 'भाग आहे', 'येथे वाढते' हे संबंध वेगवेगळे नोंदवलेले असतात, आणि प्रत्येकाचे तर्कनियमही लिहिलेले असतात. खारफुटी ही वनस्पती असेल आणि तिवर खारफुटीचा प्रकार असेल, तर तिवर वनस्पती ठरतो. याहून रंजक आहे ती संबंधांची साखळी: तिवर ऐरोलीच्या किनाऱ्यावर वाढतो, तो किनारा ठाणे खाडीचा भाग आहे, म्हणून तिवर ठाणे खाडीत वाढतो. 'येथे वाढते' आणि 'भाग आहे' हे संबंध एकामागून एक आले की त्यांतून पुन्हा 'येथे वाढते' हाच संबंध निष्पन्न होतो, असा नियम ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी-भाषेच्या २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिता येतो. त्यामुळे सूचीत 'ठाणे खाडी' हा शब्द कोठेही नसलेले पुस्तकही खाडीच्या अभ्यासकापुढे येते.

विषयाचे घटक सुटे करून जोडण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ सालच्या द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथ-वर्गीकरणाच्या पद्धतीत तीच अवलंबिली होती.

यंत्राला आता ज्ञान 'समजते' ही जाहिरात मात्र मनावर घेऊ नये, कारण चुकीचा संबंध नोंदवला तर ते तितक्याच निष्ठेने चुकीचे निष्कर्ष काढते. बोलण्यात 'तिवर' सरसकट सगळ्या खारफुटीला लावला जातो, वनस्पतिशास्त्रात तो ॲव्हिसेनिया या प्रजातीचा (जीनसचा) वाचक आहे; हाती आलेल्या पुस्तकात कोणता अर्थ आहे, हे ग्रंथपालाला पाने उलटूनच ठरवावे लागते.