आईचा 'न खुपेल' हा शब्द कुठून आला

आमच्या नेरूळच्या घरात कोणाचा आवाज चढला की आई किचनमधूनच म्हणते, "न खुपेल असं बोला रे." लहानपणी वाटायचं ही तिचीच पद्धत, पुढे गीताई, म्हणजे विनोबांनी मराठी पद्यात आणलेली गीता, वाचली तेव्हा कळलं की शब्द त्यांचा आहे आणि त्याच्यामागे पार माउलींपर्यंत जाणारी गोष्ट आहे.

मूळ श्लोक गीतेच्या १७व्या अध्यायातला, १५वा. 'अनुद्वेगकरं वाक्यं सत्यं प्रियहितं च यत्', म्हणजे समोरच्याला त्रास न होणारं, खरं, गोड आणि त्याच्या भल्याचं बोलणं, जोडीला स्वाध्याय, याला वाणीचं तप म्हटलंय. नुसतं गोड बोलून भागत नाही बरं का, खरंही पाहिजे, दोन्ही एकदम जमवायचं म्हणूनच ते तप.

पण संस्कृत न येणाऱ्याला हे कळणार कसं? १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली आणि ते मराठीत आलं. या श्लोकावर माउली परिसाचा दाखला देतात, परीस लोखंडाला न तोडता, वजन न घटवता सोनं करतो तसं बोलणं असावं, जवळच्याला न दुखवता त्याला सुख देणारं. कमी मार्क पडलेल्या पोराशी कसं बोलायचं ते मला इथे कळलं, पोरगं तेवढंच राहिलं पाहिजे, खचता कामा नये. नंतर ज्ञानेश्वरी उतरवून घेताना तिचे पाठ बिघडत गेले, ते एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केले.

आणि मग विनोबा. जन्म १८९५, गागोदे, पेण तालुका, म्हणजे आमच्याकडून पनवेलमार्गे गाडीने जाऊन येण्यासारखं. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती पण संस्कृत कळेना, मुलाने मराठी पद्यातली आणून दिली तर तीही जड जायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, मग तूच का नाही करत? आई १९१८ ला गेल्या. गीताई लिहून झाली १९३०-३१ मध्ये, आणि 'अनुद्वेगकर'चं 'न खुपेल' झालं, जे कोणत्याही आईला कळतं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, की घरात बोलायची गीता एका आईने घरातच मागितली. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलमध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली.

मुळात गीताही घरातलीच बोलणी, कृष्ण अर्जुनाचा मामेभाऊ. एवढं सगळं सांगून झाल्यावर १८व्या अध्यायात तो म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', नीट विचार कर आणि तुला हवं तसं कर. परवा लेकीच्या अकरावीवरून मी सायन्सवर अडून बसलो, ती आर्ट्स म्हणत होती, तेव्हा आईने मला एवढाच चरण ऐकवला. फॉर्म अजून भरला नाहीये, पण रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं कॉलेजांची लिस्ट घेऊन बसलो होतो.