अर्धा करडा फोटो

गिरगावात आत्याकडे जो जुना कॉम्प्युटर आहे, तो चालू केला की आधी पंखा घरघरतो, मग आतून बारीक टकटक ऐकू येते आणि चहा गाळून होईपर्यंत पडद्यावर काहीही उमटत नाही. काकांनी तो २०१२ साली घेतला. यंदा पाडव्याला ताईनं त्यांना नवा लॅपटॉप आणून दिला आणि फोटो हलवायचं काम माझ्याकडे आलं. ३८,४१२ फाइली, २१२ जीबी. काकांची गोदीतली शेवटची वर्षं, अष्टविनायक, दोन लग्नं, तीन बारशी, सगळं त्यात.

“कॉपी-पेस्टच तर करायचंय,” ताई म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. सुरुवात करण्याआधी सहज म्हणून २००९चं फोल्डर उघडलं. ताईच्या साखरपुड्यात आजी तिला पेढा भरवतेय, असा एक फोटो होता. फोल्डरमध्ये दिसणारं छोटं चित्र अगदी स्वच्छ. त्यावर क्लिक केलं. वर आजीचा चेहरा, नथ, कपाळावरचं कुंकू. गळ्याखाली एक आडवा गुलाबी पट्टा. त्याखाली नुसता करडा रंग, पार तळापर्यंत.

“अरे, हा तर चांगला होता,” काका म्हणाले.

फोटो असा अर्धाच का मरतो, हे समजलं की पुढची सगळी काळजी कशासाठी घ्यायची तेही कळतं.

आपले बहुतेक फोटो जेपेग स्वरूपात असतात. हे मानक १९९२ साली आलं. त्यात फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड स्वतंत्र न लिहिता “आधीच्या चौकोनापेक्षा इतका जास्त” किंवा “इतका कमी” असा लिहितात. जमाखर्चाच्या वहीत मागची शिल्लक पुढे ओढतात ना, तसंच. एका ओळीत आकडा चुकला की खालच्या सगळ्या शिलका चुकतात. म्हणूनच खराब फोटोत एखाद्या जागेपासून पुढे सगळ्याच चित्राचा रंग बदललेला दिसतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. जागा वाचवायची म्हणून वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देतात, आणि ते एकापुढे एक, मध्ये काहीही न सोडता लिहितात. मोडीतला जुना कागद ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. शब्द न तोडता, हात न उचलता ओळच्या ओळ लिहिलेली असते. एक अक्षर चुकीचं लावलं की पुढचे शब्द भलतीकडेच तुटतात. जेपेगमध्ये एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा सर्वांत छोटा अंक, उलटला तरी हेच होऊ शकतं. न आवळलेल्या साध्या चित्रात एक बिट बिघडला तर एकच ठिपका बिघडतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. आपले फोटो मात्र इतके आवळून बांधलेले असतात की एक गाठ सुटली तर पुढचं सगळं सुटतं.

मग फोल्डरमधलं छोटं चित्र शाबूत कसं? कॅमेरा फोटोच्या फाइलीत सुरुवातीलाच एक माहितीचा तुकडा लिहितो. त्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ साली जपानमध्ये हे मानक ठरलं. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्यानं, उजेड किती, हे सगळं त्यात असतं. आणि बहुतेक वेळा साधारण १६० बाय १२० ठिपक्यांची फोटोची एक छोटी प्रतही असते. फोल्डर आपल्याला अनेकदा तीच दाखवतं. आजीच्या फोटोची सुरुवात नीट होती, म्हणून छोटं चित्र नीट होतं. पुढचा भाग मी नंतर एका प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिला, तर तिथे नुसती शून्यं होती. फाइलीचा आकार मात्र जितका असायला हवा तितकाच. म्हणजे फोल्डर बघून समजलं नसतं, फाइली मोजून समजलं नसतं, आणि जीबी ताडूनही समजलं नसतं.

काकांनी बराच विचार केला आणि त्यांना आठवलं. २०१२ साली हा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याही आधीच्या कॉम्प्युटरमधले फोटो एका दुकानदारानं बाहेरच्या डिस्कवरून यात टाकून दिले होते. जुना डबा त्याच आठवड्यात भंगारात गेला. त्या दिवसापासून आजी अर्धी करडी होती, आणि इतक्या वर्षांत घरातल्या कोणी तो फोटो मोठा करून पाहिला नव्हता. मला हे फार लागलं.

आकार बरोबर आणि आत शून्यं, हे बहुधा कसं होतं ते सांगतो. कॉपी करताना फाइल जुन्या डिस्कवरून थेट नव्या डिस्कवर जात नाही. आधी ती रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसली जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, येते. पुष्कळदा पडद्यावरची हिरवी पट्टी भरते तेव्हा शेवटचा भाग अजून रॅममध्येच असतो, डिस्कवर उतरायचा असतो. नव्या डिस्कच्या नोंदवहीत फाइलीचं नाव आणि आकार लिहून झालेला, पण मजकूर वाटेत. तेवढ्यात कोणी केबल ओढली किंवा लाइट गेली, की नोंद राहते आणि आतली जागा रिकामी राहते. पेनड्राइव्ह काढण्याआधी “इजेक्ट” करायला सांगतात ते एवढ्यासाठीच. मुंबईत लाइट क्वचित जाते हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी शहराचा बराचसा भाग एकदम बंद पडला होता आणि लोकलसुद्धा रुळांवर उभ्या होत्या. त्यामुळे डेस्कटॉपवरून फोटो हलवताना यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा डबा, असलेला बरा. आणि कितीही सोयीचं वाटलं तरी “कट” कधीही करू नये, “कॉपी”च करावी. कटमध्ये मूळ प्रत पुसली जाते, आणि ती पुसली जाते तेव्हा नवी प्रत नीट उतरली की नाही हे कोणी तपासलेलं नसतं.

जुनी हार्ड डिस्क हा खरा नाजूक भाग. आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात. चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणजे फास्ट लोकलहून जास्त. तिच्यावरून वाचणारं हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. एक फाइल संपून दुसरी शोधायला हेडला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. कमी वाटतं, पण ३८ हजार फाइलींची नोंद, जागा आणि मजकूर शोधत फिरायचं म्हणजे नुसत्या येरझाऱ्यांतच वीसेक मिनिटं जातात. त्यात काकांच्या कॉम्प्युटरचं यूएसबी जुनं, २.० जातीचं, त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी जातात. सगळं सुरळीत चाललं तरी २१२ जीबीला पावणेदोन तास. आम्हाला संध्याकाळ लागली.

टकटक ऐकू येत असेल तर डिस्क साफ करणं, व्हायरस शोधणं, डीफ्रॅग करणं (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) असलं काही आधी करू नका. डिस्कवरचा प्रत्येक छोटा तुकडा स्वतःची चूक सुधारायला लागणारे जादा बिट बाळगून असतो. तुकडा अशक्त झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तिथे कॉपी रेंगाळते. अशा डिस्कला किती आयुष्य उरलंय ते आपल्या हातात नसतं, म्हणून ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते सर्वांत आधी उचलावं. आम्ही आजीचे फोटो आधी घेतले, सहलींचे शेवटी. कॉम्प्युटर चालूच होत नसेल तरी घाबरून जाऊ नये. पुष्कळदा डिस्क धडधाकट असते, बाकीचा डबा गेलेला असतो. लॅमिंग्टन रोडला डिस्क घालायचं यूएसबीचं केसिंग सहज मिळतं.

आता पडताळणी. याला शा-२५६ नावाची एक गणिती कृती आहे, २००२ पासून अमेरिकेचं अधिकृत मानक. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातला बिट न् बिट घुसळून शेवटी ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो. फोटोतला एक बिट बदलला तर ठशातले निम्म्याच्या आसपास बिट बदलतात, त्यामुळे “जवळजवळ सारखा” असा ठसा दिसतच नाही. जुन्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलीचा ठसा काढायचा, नव्यावरच्या प्रतीचा काढायचा, आणि दोन्ही याद्या ताडायच्या. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि मॅकमध्ये शासम ही साधनं आधीपासूनच असतात. टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम कॉपी झाल्यावर हे काम स्वतः करतो. यादीत ई, ३, बी, ०, सी, ४, ४, २ अशी सुरुवात असलेला ठसा दिसला तर ती फाइल पूर्ण रिकामी आहे. शून्य बाइटच्या फाइलीचा ठसा जगभर तोच येतो.

आमच्या ३८,४१२ पैकी पाच ठसे जुळले नाहीत. त्या फाइली पुन्हा कॉपी केल्या तेव्हा चार जुळल्या. पाचवी एका अशक्त तुकड्यावर होती, ती तिसऱ्या खेपेला आली.

पण ठसा जुळला म्हणजे फोटो चांगला आहे असं नाही. प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढंच ठसा सांगतो. मूळच अर्धं करडं असेल तर प्रतही इमानानं अर्धी करडी येते आणि ठसा जुळतो. म्हणून दुसरी तपासणी वेगळी करावी लागते: प्रत्येक फोटो शेवटच्या चौकोनापर्यंत उलगडून पाहायचा. जेपेगइन्फो नावाचं एक छोटं मोफत साधन हे करतं. ते रात्रभर लावून ठेवलं. सकाळी यादीत ६१ नावं होती, सगळी २०१२ पूर्वीची.

एका ठिकाणी मी स्वतः चुकता चुकता वाचलो. “वऱ्हाड” नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी होती. दोनदा कॉपी झालं असेल म्हणून एक पुसायला गेलो, तर आत्या म्हणाली, “थांब, उघडून तर बघ.” आतले फोटो वेगळे होते. काकांनी एका कीबोर्डवर टाइप केलं होतं, ताईनं दुसऱ्या. वऱ्हाडमधला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या ठरलेल्या संकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. पायऱ्या, किनाऱ्यावर, दुसऱ्या दिवशी, अशी नावं आपल्या फोल्डरांना किती सहज पडतात ते पाहिलं की मराठी घरात ही काळजी घ्यायलाच हवी.

तारखांचंही असंच आहे. नव्या लॅपटॉपवर “तयार केल्याची तारीख” आजची दिसली म्हणून काका हबकले. ती प्रत जन्मल्याची तारीख. फोटो काढल्याची तारीख एक्झिफमध्ये सुरक्षित असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोत मात्र एक्झिफ उरत नाही आणि फोटोही आकुंचित होतो, तेव्हा फोटो हलवायला ती वाट नको. आयफोनचे फोटो असतील तर शेजारच्या एएई नावाच्या बारीक फाइली कचरा समजून टाकू नका, केलेले बदल त्यांत असतात. मॅकमध्ये फोटो लायब्ररी एकच फाइल दिसते, पण ते आख्खं फोल्डर असतं, नावं आणि अल्बमसकट. ॲप बंद करून ते अखंड उचलावं.

नवी प्रत एका घरात, एका टेबलावर असून भागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम पाण्यात गेले. आम्ही एक बाहेरची डिस्क आत्याच्या कपाटात ठेवली आणि दुसरी ताईबरोबर नाशिकला दिली. दोन्ही साध्या हार्ड डिस्क. एसएसडी (फिरत्या चकत्या नसलेली डिस्क) आणि पेनड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात कोंडलेली असते, आणि वीज न देता वर्षानुवर्षं उष्ण हवेत ठेवलं तर तो भार झिरपत जातो. जुना कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत पलंगाखाली तसाच राहणार आहे.

त्या ६१ पैकी ४४ फोटो ताईच्या जुन्या सीडींवर सापडले. आजीचा त्यात नव्हता. मग ताईला आठवलं की साखरपुड्यानंतर काकांनी काही फोटो तिच्या सासरी मेल केले होते. तिच्या सासूबाईंनी जुना मेल शोधून पुढे पाठवला. जोडलेल्या फाइलीचा आकार आमच्या करड्या फाइलीशी अगदी बाइटपर्यंत सारखा होता. उघडली. आजीचा हात, हिरव्या बांगड्या, पेढा, ताईचं अर्धं उघडलेलं तोंड, आणि मागे दारात उभी असलेली, तेव्हा केस काळे असलेली आत्या.

आत्या चष्मा लावून जवळ आली आणि काकांना म्हणाली, “अहो, ही साडी तर मी विसरलेच होते.”