व्हेनेझुएला कशाने बुडाला? ‘समाजवाद की चोरी’ या वादाची पार्श्वभूमी

सोलापुरात या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तरं तयार असतात. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहराला लाल बावटा नवा नाही. इथली एक बाजू म्हणते, देश पुढाऱ्यांनी खाल्ला, त्यात समाजवादाचा काय दोष? दुसरी बाजू म्हणते, फुकट वाटायला निघालं की असंच व्हायचं. निवडणूक जवळ आली की व्हेनेझुएलाचं नाव दोघांच्याही तोंडी येतं. आमच्या मते दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हे वर्षवार लावून पाहिलं की उरलेलं अर्धं सापडतं.

आधी घरचंच बघू. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल खाजगी होती, तरी १९६० च्या दशकात बंद पडली. नरसिंग गिरजी मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली, तीही टिकली नाही. साखरेत तुलना आणखी सरळ होते. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांना १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सारखाच लागू आहे: ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, द्यायची, नाहीतर त्यावर १५ टक्के व्याज. सहकारी कारखान्यांना सहकाराचा कायदाही एकच. तरी एक कारखाना वेळेवर बिल काढतो आणि दुसऱ्याची थकबाकी पुढच्या हंगामात जाते. तेव्हा मालकी कुणाची, एवढ्यावर निकाल लागत नाही. वजनकाटा कोण तपासतो, लेखापरीक्षकाचे शेरे सर्वसाधारण सभेत वाचले जातात का, कर्जाची थकहमी कुणाची आणि कर्ज बुडालं तर कुणाच्या खिशातून जातं, हे विचारावं लागतं. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशांतल्या कारखान्यांचा हाच रोग ओळखला होता. तोटा झाला तरी सरकार भरून देणार ही खात्री असेल, तर खर्चाला लगाम राहत नाही.

नुसत्या भ्रष्टाचाराने देश बुडतो का? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलने २००४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार इंडोनेशियाच्या सुहार्तोंनी १,५०० ते ३,५०० कोटी डॉलर लाटले. ते कट्टर कम्युनिस्टविरोधी होते, आणि त्यांच्याच राजवटीत इंडोनेशिया तीन दशकं वाढत राहिला. १९९७ च्या मध्यापर्यंत डॉलरला २,४०० च्या आसपास असलेला रुपिया १९९८ मध्ये १५,००० च्या पलीकडे गेला. उत्पन्न एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी घटलं आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तोंना जावं लागलं. तिथे घाव बसला तो खाजगी कंपन्यांनी घेतलेल्या अल्प मुदतीच्या डॉलर-कर्जांचा, आणि सगेसोयऱ्यांना वाटलेल्या बँक कर्जांमुळे तो जिव्हारी लागला. झैरचे मोबुटू हेही अमेरिकेचे मित्र; त्यांनी ३२ वर्षांत देश पोखरून ठेवला. उलट दक्षिण कोरियाचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, चुन डू-ह्वान आणि रोह ते-वू, यांना १९९६ मध्ये लाचखोरीसाठीही शिक्षा झाली, पण त्यांच्या कारकिर्दीत देशाची निर्यात वाढतच होती. चोरी सगळीकडे होती, पडझडीचं माप मात्र वेगवेगळं निघालं.

श्रीलंकेच्या तर अधिकृत नावातच ‘समाजवादी’ हा शब्द आहे. पण १२ एप्रिल २०२२ ला परकीय कर्जाची परतफेड थांबवण्याची वेळ आली, ती आधी केलेल्या करकपातीमुळे आणि डोंगराएवढ्या कर्जामुळे. २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, त्यातच कोविडने पर्यटन थांबवलं. कर कमी करणं हे समाजवादाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. देशाच्या पाटीवरून निदान करायचं नसतं, ते यासाठी.

कापसाच्या गावाला लगेच कळेल असा दाखला सोव्हिएत उझबेकिस्तानचा आहे. मॉस्को दरवर्षी कापसाचं वाढीव उद्दिष्ट द्यायचं. ते गाठलं की बक्षिसं, हुकलं की खुर्ची गेली. मग तिथले पक्षप्रमुख शराफ रशिदोव्ह यांच्या काळात कागदावर कापूस पिकू लागला. सामूहिक शेताने आकडा फुगवायचा, जिनिंगने तो स्वीकारायचा, रेल्वेने न भरलेल्या वाघिणी भरल्या म्हणून नोंदवायच्या आणि रशियातल्या गिरणीच्या माणसाने लाच घेऊन पोचपावतीवर सही करायची. न पिकलेल्या कापसाचे रोख पैसे मॉस्कोच्या तिजोरीतून निघत. १९८० च्या दशकात हे बाहेर आलं, आणि ब्रेझनेव्ह यांचे जावई युरी चुर्बानोव्ह यांना १९८८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. यात व्यवस्था आणि चोर वेगळे काढता येत नाहीत. उद्दिष्टाच्या पद्धतीने चोरीला जागा करून दिली, आणि वाटा मिळालेल्या प्रत्येकाने ती पद्धत टिकवली.

आता मुख्य विषय. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी १९२२ मध्ये तेलाचा मोठा फवारा उडाला आणि पुढे शेती मागे पडत गेली. १९६० मध्ये ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना उभारणाऱ्यांपैकी एक असलेले तिथले मंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो नंतर तेलाला ‘सैतानाची विष्ठा’ म्हणू लागले. १९७६ मध्ये तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण होऊन पेदेवेसा ही सरकारी कंपनी आली. पुढे समाजवादाचा झेंडा घेऊन राष्ट्राध्यक्ष झालेले ह्युगो चावेझ तेव्हा कुठेच नव्हते. हे वाद घालताना हमखास विसरलं जातं.

त्याहून महत्त्वाची तारीख १८ फेब्रुवारी १९८३. तेलाचे भाव घसरल्यावर सरकारने डॉलरचे एकाहून अधिक दर ठरवले: गरजेच्या आयातीला स्वस्त, बाकीच्यांना महाग. वाटपासाठी रेकादी नावाचं कार्यालय उघडलं. तिथून खोट्या आयातदारांनी १९८९ पर्यंत स्वस्त डॉलर उचलले. शिक्षा जवळपास कुणालाच झाली नाही. १९८९ मध्ये इंधन आणि बसभाडं वाढल्यावर काराकासमध्ये उसळलेल्या दंगलीत शेकडो माणसं गेली. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांना पैशाच्या अफरातफरीवरून पद सोडावं लागलं, १९९४ मध्ये बँका कोसळल्या. चावेझ १९९८ ची निवडणूक जिंकले ते या चोरीविरुद्धच्या संतापावर.

२००२-०३ च्या संपानंतर चावेझ यांनी पेदेवेसातून सुमारे १८,००० जणांना काढून टाकलं. त्यांत विहिरी चालवणारे अभियंते आणि भूगर्भतज्ज्ञ होते. तेलविहीर बोअरवेलसारखी नसते. दाब सांभाळावा लागतो, वायू किंवा पाणी सोडावं लागतं, पंप बदलावे लागतात, जड तेल पातळ करावं लागतं. हे काम दोन वर्षं चुकलं तरी लगेच दिसत नाही, दहा वर्षांनी दिसतं. फेब्रुवारी २००३ मध्ये डॉलरवर पुन्हा नियंत्रण आलं, वाटपाला कादिवी हे नवं कार्यालय आलं आणि त्याच सुमारास अन्नधान्याचे भाव सरकारने बांधून दिले.

इथला हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. २०१३ च्या शेवटी सरकारी दर होता डॉलरला ६.३० बोलिव्हार, काळ्या बाजारात साठ-पासष्ट. सरकारकडून १,००० डॉलर घ्यायला ६,३०० बोलिव्हार लागत. त्यातले फक्त १०० डॉलर बाहेर विकले की तेवढी रक्कम परत हातात यायची. उरलेले ९०० डॉलर फुकट. ते मिळवायला लागायची एक कागदी कंपनी, आयातीचं फुगवलेलं बिल आणि कार्यालयातली सही. मालाऐवजी भंगार आलं किंवा कंटेनर रिकामा आला तरी फायदा ठरलेला. २०१२ मध्ये दिलेल्या डॉलरांपैकी सुमारे २,००० कोटी अशा बनावट कंपन्यांकडे गेल्याचं सरकारमधल्याच वरिष्ठांनी २०१३ मध्ये बोलून दाखवलं. माजी खजिनदार अलेहांद्रो आंद्रादे यांनी अमेरिकी न्यायालयात १०० कोटी डॉलरहून अधिक लाच घेतल्याचं कबूल केलं. २०१८ मध्ये त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे निळ्या रॉकेलचं हेच झालं होतं. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. म्हणून रॉकेल टँकरमधून डिझेलमध्ये जायचं. २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यापर्यंत तेलमाफियाची मजल गेली. एका वस्तूचे दोन भाव ठेवले की मधला फरक कुणाच्या तरी खिशात जातोच, आणि फरक दसपट झाला की प्रामाणिक अधिकारी त्या खुर्चीवर टिकू दिला जात नाही.

बांधलेल्या भावाचं दुसरं टोक शेतात आणि कारखान्यात निघालं. मक्याच्या पिठाचा भाव खर्चाखाली गेला की गिरणीवाला उत्पादन कमी करतो. असलेला माल सीमेपलीकडे कोलंबियात जातो. सरकार साठेबाज म्हणून कारखाना ताब्यात घेतं. ताब्यातल्या कारखान्याला सुट्या भागांसाठी डॉलर मिळत नाहीत. बियाणं-खतं पुरवणारी मोठी कंपनी २०१० मध्ये सरकारजमा झाली, त्याच वर्षी सरकारी आयातीतलं हजारो टन अन्न कंटेनरमध्ये सडलेलं सापडलं. साखरही सुटली नाही. चावेझ यांच्या जन्मप्रांतातल्या, बारिनासमधल्या सरकारी साखर कारखान्याच्या प्रकल्पात पैसे हडपल्याचे आरोप २००६ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांवर झाले.

दरम्यान २००५ मध्ये मध्यवर्ती बँकेचा कायदा बदलून ‘जादा’ गंगाजळी फोन्देन या निधीकडे वळवली गेली. त्याच्या खर्चावर संसदेचं नियंत्रण नव्हतं. आम्हाला ही सगळ्यात जड चूक वाटते, कारण तेल १०० डॉलरच्या वर असताना बाजूला काही पडलंच नाही. २०१४ च्या मध्यापासून भाव कोसळले आणि २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरच्या खाली गेले. निर्यातीत ९५ टक्के तेल असलेल्या देशाने तेव्हा बोलिव्हारची किंमत खाली आणायला हवी होती. पण डॉलरचा सरकारी दर वर्षानुवर्षं कृत्रिमरीत्या स्वस्त ठेवला गेला, कारण दर सुधारला असता तर ९०० फुकट डॉलरांचा धंदा बंद पडला असता. तूट नोटा छापून भरली. महागाईचे आकडे २०१५ नंतर बँकेने तीन वर्षं प्रसिद्धच केले नाहीत. नंतर दिले तेव्हा २०१८ चा आकडा १,३०,००० टक्क्यांच्या वर निघाला. चलनावरून २००८, २०१८ आणि २०२१ मध्ये मिळून १४ शून्यं पुसावी लागली. सत्तर लाखांहून अधिक माणसांनी देश सोडला.

अमेरिकेच्या निर्बंधांचा वाटाही प्रामाणिकपणे मोजला पाहिजे. आर्थिक निर्बंध ऑगस्ट २०१७ चे, तेलावरचे जानेवारी २०१९ चे. १९९८ मध्ये रोज तीस लाख पिंपांच्या वर असलेलं उत्पादन २०१७ च्या निर्बंधांआधीच सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. निर्बंधांनंतर मात्र ते २०२० पर्यंत पाच लाखांच्या आसपास आलं. निर्बंधांनी घर पाडलं नाही, पण पडक्या घराची डागडुजी अशक्य केली.

बोलिव्हियाचे एवो मोरालेस त्याच विचारांचे. त्यांनी वायू उद्योग ताब्यात घेतला, गरिबांना पैसे दिले, तरी सुरुवातीची अनेक वर्षं अंदाजपत्रकात शिल्लक ठेवली आणि २०१४ पर्यंत सुमारे १,५०० कोटी डॉलरची गंगाजळी जमवली. पुढे वायू घटला, पण डॉलरचा बांधलेला दर आणि इंधनाचं अनुदान तसंच राहिलं. २०२३ पर्यंत गंगाजळी २०० कोटींच्या खाली आली आणि तिथेही डॉलरचे दोन भाव दिसू लागले. भारतातही परमिट राज होतं, त्यात लाच होती. १९९१ मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण गेलं. पण जुलैत रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरवली आणि त्याच महिन्यात बहुतेक उद्योगांचे परवाने मोडीत काढले. निवडून आलेलं अल्पमतातलं सरकार संसदेला उत्तर देत हे करू शकलं.

व्हेनेझुएलात ही दुरुस्ती २०१९ नंतर गुपचूप झाली. भावनियंत्रण कागदावर राहिलं, दुकानात डॉलर चालू दिला, बँकांची कर्जं आवळली, नोटा छापणं कमी केलं. राज्यकर्ते तेच, चावेझ यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले मादुरो आणि त्यांचे सहकारी. तरी २०२१ च्या अखेरीस अतिमहागाई थांबली. तेलाचं उत्पादन मात्र पूर्वपदाला आलं नाही. मार्च २०२३ मध्ये पेदेवेसाने विकलेल्या तेलाचे अब्जावधी डॉलर वसूलच झाले नसल्याचं प्रकरण उघड झालं, तेलमंत्री तारेक एल ऐसामी यांनी राजीनामा दिला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांना अटक झाली.